सदर वाहनास आग लागलेली नाही

मोटारीच्या इंजिनातलं तेल गार करायला पुढच्या बाजूला एक छोटी जाळी असते, तिला ऑइल कूलर म्हणतात आणि त्या कूलरला दोन रबरी पाईप असतात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी अजिबात हसणार नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. फरक एवढाच, की लोकांना असं काही कळलं की ते मेकॅनिककडे जातात आणि मला कळलं तेव्हा मी बाह्या वर केल्या.

कळलं ते तपासणीच्या मैदानावर. आमची डिझेलची गाडी पंधरा वर्षांची झाली, तेव्हा तिला पुढे चालवायची परवानगी घ्यायला मी एका शुक्रवारी तिथे गेलो होतो. तपासणी अधिकारी बाई वयानं माझ्या पुतणीएवढ्या, पण नजर सासूची. त्या टॉर्च घेऊन गाडीखाली वाकल्या, उठल्या आणि कागदावर लिहून मोकळ्या झाल्या: 'ऑइल कूलरच्या पाईपातून तेलगळती. आठ दिवसांत दुरुस्त करून पुन्हा हजर करावे, अन्यथा वाहन बाद.' मी म्हटलं, "मॅडम, एखाददुसरा थेंब पडतो, एवढंच." त्या म्हणाल्या, "जरा पायाखाली बघा." पायाखाली जे होतं त्याला थेंब म्हणणं फार उदारपणाचं झालं असतं. माझा डावा बूट त्यात उभा होता.

घरी आल्यावर कागद टेबलावर ठेवला. बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ती भावनेच्या भरात वगैरे येत नाही. तिनं कागद वाचला आणि म्हणाली, "नापास झाली तर भंगारात द्या. दुसरं काय." मग तिची नजर बाबांकडे गेली आणि तिनं कागद त्यांच्यापुढे सरकवला.

बाबा चौऱ्याऐंशीचे. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी बस चालवली आणि त्या बसच्या क्लचनं त्यांचा डावा गुडघा कायमचा खाल्ला. तो आता वाकत नाही. जगातल्या इतक्या गाड्यांपैकी फक्त आमच्या या गाडीची सीट त्यांच्या कंबरेला बरोबर लागते. दाराकडे पाठ करायची, बसायचं आणि मग पाय हातानं उचलून आत घ्यायचे. भाच्याच्या नव्या गाडीत बसले तेव्हा उतरवायला दोन माणसं आणि एक टॉवेल लागला होता. भाड्याच्या गाडीत तर ड्रायव्हरनं त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. "मी काय सोफा आहे का?" एवढंच ते तेव्हा म्हणाले आणि पुन्हा कुठल्या परक्या गाडीत बसले नाहीत. दर रविवारी दहा वाजता मी त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे घेऊन जातो. आत्या अठ्ठ्याऐंशीची, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. दोघं बहीण-भाऊ तास-दीड तास समोरासमोर बसतात आणि बहुतेक वेळ भांडतात. त्यांच्या आठवड्यात तेवढाच एक दिवस खरा असतो.

बाबांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, "ताईला सांगून ठेवू का, यापुढे फोनवरच बोलू म्हणून?" त्यांनी हे अगदी साध्या आवाजात विचारलं. आत्याला फोनवर धड ऐकूसुद्धा येत नाही. मी म्हटलं, "काही सांगू नका. गाडी पास होणार."

शनिवारी सकाळी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं बॉनेट उघडून डोकं आत घातलं आणि आतूनच म्हणाला, "दहा दिवस." मी म्हटलं, माझ्याकडे सहा आहेत. तो म्हणाला, "मग सहा दिवसांत होईल एवढंच काम सांगा." नुसते दोन पाईप काढायचे आणि दोन लावायचे, त्यात एवढं काय, असं मी विचारलं. "मग करा की तुम्हीच," असं म्हणून त्यानं बॉनेट आपटलं. तो हे चेष्टेनं म्हणाला, हे मला पुढच्या शुक्रवारी लक्षात आलं.

आता मी पाणीपुरवठा खात्यात अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पाईप हा माझा विषय. प्रत्यक्ष पाईपाला मी कधी हात लावलेला नाही, कारण मी फायलींच्या बाजूला आहे, पण पाईप फुटल्याच्या, गळल्याच्या, चोरीला गेल्याच्या आणि मुळात टाकलाच नसल्याच्या किमान चार हजार फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. पाण्याच्या जागी तेल आणि गल्लीच्या जागी इंजिन, एवढाच काय तो फरक. शनिवारी दुपारी मी पाने आणि एक मोठी ताडपत्री विकत आणली.

पहिली अडचण सोसायटीचे सेक्रेटरी. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि नियमावली उशाशी घेऊन झोपतात अशी वदंता आहे. 'वाहनतळात वाहनदुरुस्तीस सक्त मनाई' हा नियम त्यांनीच केलेला. परवानगी हवी तर अर्ज करा, कमिटीची बैठक वीस तारखेला आहे, असं त्यांनी दारातूनच सांगितलं. मी विचारलं, गाडी धुवायला परवानगी आहे का? ते म्हणाले, ती आहे. मग मी तिथेच उभ्या-उभ्या अर्ज लिहिला: 'विषय, वाहन आतून धुण्याबाबत.' सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला, त्यात त्यांना काही चूक सापडेना, आणि अर्जात चूक नसली की त्यांचा हात आपोआप शिक्क्याकडे जातो. माझाही जातो. आम्ही एकाच जातकुळीची माणसं आहोत.

रविवारी सकाळी मी ताडपत्रीवर आडवा झालो. बाबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांना गाडीतलं पुष्कळ कळतं, पण हात लावायला ते तयार नव्हते. "आमच्या डेपोत चालवणाऱ्यानं पाना धरायचा नाही आणि पानेवाल्यानं स्टिअरिंग धरायचं नाही," असं ते म्हणाले. त्या हिशेबानं मी काय धरायचं हे त्यांनी सांगितलं नाही. दहा वाजले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. "ताई, आज नाही जमत. गाडी दवाखान्यात आहे," हे वाक्य त्यांना पाच वेळा ओरडून सांगावं लागलं. पाचव्यांदाही तिकडे नीट कळलं नसावं. मी तोवर गाडीखाली सरकलो होतो, मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

पाईपांचे नट पंधरा वर्षं कुणी हलवलेले नव्हते. तासभर झटलो तरी एक नट जागचा हलला नाही, माझा खांदा मात्र हलला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर खाली आले. मोठे परोपकारी गृहस्थ. त्यांनी वाकून पाहिलं, वर गेले आणि दात बघायचा छोटा आरसा आणि डोक्याला लावायचा दिवा घेऊन परत आले. त्या आरशामुळे मागचा नट पहिल्यांदा दिसला, हे मान्य केलं पाहिजे. पण डॉक्टरांची सवय काही सुटत नाही. नटावर तेल सोडून ते हळुवारपणे म्हणायचे, "आता जरा जोर लागेल, घाबरायचं नाही." हे ते मला म्हणत होते की नटाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी एका पान्यानं मागची बाजू धरली, मी दुसऱ्यानं पुढची फिरवली आणि कर्रकन आवाज करून नट सुटला. डॉक्टर सवयीनं म्हणाले, "चूळ भरा."

भरावी लागलीच. इंजिनातलं तेल मी आधी बादलीत काढून घेतलं होतं, अगदी पद्धतशीर. पण पाईप आणि कूलर यांच्या पोटात आणखी थोडं तेल उरतं, ही माहिती मला कुणी दिलेली नव्हती. ते उरलेलं तेल माझ्या बाहीतून शिरलं, काखेतून फिरलं आणि कॉलरमधून बाहेर येऊन थेट तोंडात गेलं. ऑफिसचा एक जुना शर्ट मी त्या दिवशी खास घातला होता. तो जुना नव्हता हे बायकोनं नंतर सांगितलं.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, हे पाईप यायचे बंद झाले, सहा वर्षं झाली. मग ट्रॅक्टर आणि खोदाई यंत्रांचे जाड पाईप बनवून देणाऱ्याकडे जा, तो नमुन्याप्रमाणे करून देईल, असं त्यानं सुचवलं. ते दुकान पार गावाबाहेर. मी दोन्ही जुने पाईप वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून बसमध्ये बसलो. पाईप मी चांगले उलटे धरून निथळले होते, तरी त्यांनी काही शिल्लक राखून ठेवली होती. शेजारच्या पांढऱ्या पॅंटवाल्या गृहस्थांनी आधी पिशवीकडे, मग आपल्या मांडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढचे चार थांबे मी उभा राहून काढले आणि तरीही सगळी बस माझ्याकडेच बघत होती.

पाईपवाला अगदी कमी बोलणारा माणूस. त्यानं नमुना टेबलावर सरळ केला, टेप लावला आणि मान वर केली. "एवढाच?" इथे माझ्या हातून जी चूक झाली तिचं खापर मी माझ्या आईवर फोडतो. लहानपणी आम्हा भावंडांना एकही कपडा मापाचा मिळाला नाही. शाळेचा गणवेश असो, स्वेटर असो, बूट असोत, दुकानदारानं माप घेतलं की आई म्हणायची, "वाढत्या अंगाचा द्या." ते वाक्य रक्तात भिनलेलं. पाईपवाल्यानं 'एवढाच?' म्हणताच माझ्या तोंडून निघून गेलं, "तसा एवढाच, पण जरा वाढता ठेवा." त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि गिऱ्हाइकाचा शब्द प्रमाण मानून दोन्ही पाईप वीतभर लांब कापले.

मंगळवारी संध्याकाळी ते लावले. वीतभर जादा पाईप इंजिनाच्या पोटात मावायला जागा शोधू लागला. डावीकडे दाबला की पंख्याला लागे, उजवीकडे दाबला की बॉनेट उचलून धरी. डॉक्टर म्हणाले, "अक्कलदाढेचं असंच होतं." बायको खाली आली, तिनं एकवार पाहिलं आणि विचारलं, "कुणी सांगितलं लांब करायला?" मी म्हटलं, त्या माणसाचं मापच चुकलं. बाबांनी खुर्चीतून नुसता माझ्याकडे कटाक्ष टाकला. त्यांनी त्या दुकानात मला पाहिलेलं नव्हतं, पण माझ्या आईशी त्यांनी चव्वेचाळीस वर्षं संसार केला होता.

बुधवारी पुन्हा अर्धी रजा. पाईपवाल्यानं पाईप हातात घेतले, काहीही न विचारता कापले, टोकं पुन्हा दाबून बसवली आणि परत देताना एवढंच म्हणाला, "साहेब, गाडीचं वय पंधरा. आता ती वाढणार नाही."

गुरुवारी संध्याकाळी दोन्ही पाईप बसले. आणि असे बसले, की माझी मलाच दृष्ट लागावी. नट घट्ट, पाईप मोकळे, कुठे घासत नाहीत, कुठे ओढले जात नाहीत. बायकोनं एकेक नट मोजून वाट्यांमध्ये ठेवला होता, त्यामुळे शेवटी एकही उरला नाही. मी नवीन तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन डबे आणले होते. इंजिनाला साडेपाच लिटर लागतं. एक डबा आणि दुसऱ्यातलं अर्धा लिटर ओतलं, तेल मोजायची कांडी काढून दिव्याखाली धरली, तेल बरोबर खुणेवर. उरलेल्या साडेचार लिटरचा डबा मी चाकाशेजारी ठेवला. आता गाडी सुरू करणार, तर डॉक्टर म्हणाले, "आज नको. नवीन काम आहे, रात्रभर त्यावर जोर देऊ नका." दात भरल्यावर ते सगळ्यांना हेच सांगतात. पण मी दमलो होतो आणि माणूस दमला की त्याला कुठलाही सल्ला शास्त्रीय वाटतो.

आता इथे आमच्या घराची, किंबहुना आमच्या सगळ्या इमारतीची एक कामाची पद्धत सांगितली पाहिजे. दुसऱ्यानं केलेलं काम झालं आहे यावर आमच्यात कुणाचाच विश्वास नाही. आमच्याकडे गॅसचं बटण तिघं बंद करतात. बाहेर जाताना कुलूप मी लावतो, बायको ओढून बघते आणि बाबा जिन्यातून परत वर पाठवतात. यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो. उलट, समोरच्याचं काही राहून गेलं असेल तर आपण गुपचूप करून टाकावं, त्याला बोलूही नये, इतका तो प्रेमाचा मामला आहे.

शुक्रवारी नऊ वाजता आम्ही तिघं खाली आलो. तपासणीची खिडकी बाराला बंद होत होती, रस्ता पाऊण तासाचा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर पाय उचलून बसले. बायको स्टिअरिंगला बसली, कारण इंजिन सुरू झाल्यावर पाईपांवर नजर ठेवायला मी बॉनेटपाशी हवा होतो. मी ऐटीत हात वर केला. तिनं किल्ली फिरवली.

गाडी लगेच सुरू झाली. पहिला अर्धा मिनिट पाईपांवर एक ओलसर ठिपकासुद्धा नव्हता आणि मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काहीतरी केल्याचं समाधान भोगत होतो. मग आवाज चढू लागला. मी म्हटलं, "एवढा एक्सलरेटर कशाला देतेस?" ती म्हणाली, "पाय खाली आहेत माझे." आवाज आणखी चढला. मागून पांढरा धूर निघू लागला, तोही थोडाथोडका नाही, वाहनतळाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी ओरडलो, "बंद कर." तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. हातात किल्ली होती. "बंदच केली आहे," ती म्हणाली.

किल्ली बाहेर आणि गाडी चालू, असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. इंजिन किंचाळत होतं, आता फुटतंय की मग, असं झालं होतं. माझ्या मनात एकच विचार होता, की बाबा आत आहेत आणि त्यांना पटकन उतरता येत नाही. मी त्यांच्या दाराकडे धावलो. तर आतून बाबांचा आवाज आला, अगदी शांत, पुढच्या थांब्याचं नाव सांगावं तसा. "क्लच दाब. चौथा गिअर टाक. ब्रेकवर उभी राहा. आता क्लच सोड." बायकोनं एकेक गोष्ट तशीच केली. गाडीनं एक जबरदस्त गचका दिला आणि ती गप्प झाली.

धुरात आम्ही कितीतरी वेळ एकमेकांना शोधत होतो. बाबा जागच्या जागी बसले होते, फक्त चष्मा नाकावर वाकडा झाला होता. "तेल जास्त झालंय," ते म्हणाले. "जास्तीचं वर चढलं की डिझेलचं इंजिन तेच जाळत सुटतं. मग त्याला किल्ली लागत नाही." मी छातीठोकपणे सांगितलं, तेल मी मोजून भरलं आहे, अगदी खुणेपर्यंत. मग माझं लक्ष चाकाशेजारच्या डब्याकडे गेलं. डबा रिकामा होता.

बाबांनी घसा साफ केला. सकाळी साडेसहाला फिरायला निघालो तेव्हा कांडी काढून पाहिली, काहीच दिसेना, म्हणून जरासं घातलं, म्हणाले. बायको म्हणाली, "मी दूध आणायला उतरले तेव्हा मीही पाहिलं. कांडी कोरडी वाटली. जरासंच घातलं." धूर पाहून जिन्यातून खाली आलेले डॉक्टर पायरीवरच थांबले. "मीसुद्धा," ते म्हणाले, "अगदी जरासं." नवीन तेल मधासारखं स्वच्छ असतं, अंधाऱ्या वाहनतळात ते कांडीवर दिसत नाही, ही गोष्ट बाबांनी मग समजावून सांगितली. मी सगळ्यांकडे अत्यंत दुखावलेल्या नजरेनं पाहिलं. सात वाजता मीही खाली येऊन, कांडी कोरडी दिसली म्हणून जरासं घातलं होतं, हे मी तेव्हा सांगितलं नाही. वाचकांना सांगतो आहे.

खालचा बोल्ट सैल करून जादा तेल बादलीत सोडत होतो, तेवढ्यात घंटा वाजवत अग्निशमन दलाचा बंब दारात आला. सेक्रेटरींनी बोलावला होता. बंबाचे अधिकारी उतरले आणि म्हणाले, "आग कुठंय?" आम्ही म्हटलं, आग नाही, नुसता धूर होता, तोही गेला. ते म्हणाले, "बंब बाहेर पडला की नोंद करावीच लागते." त्यांनी फॉर्म काढला. फॉर्मात आग लागल्याची वेळ, आगीचं कारण, आग विझल्याची वेळ असे रकाने होते. आग लागलीच नाही याला रकाना नव्हता. ते पेन हातात धरून उभे राहिले. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. एखादी खोटी बारीकशी आग लिहावी का, असंही त्यांनी विचारलं. पण सेक्रेटरी म्हणाले, मग सोसायटीला नोटीस काढावी लागेल.

अशा प्रसंगी देश कारकुनावर चालतो. मी तेलकट हातानं पेन घेतलं आणि शेऱ्याच्या जागेत लिहिलं: 'सदर वाहनास आग लागलेली नाही. केवळ धूर निर्माण झाला होता व तो कोणतीही कार्यवाही करण्यापूर्वी स्वतःहून निघून गेला. सबब आग विझवण्याचा प्रश्न उद्भवला नाही.' अधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत मला खरा आदर दिसला. सेक्रेटरी साक्षीदार झाले. शिक्का मारून एक प्रत मला मिळाली आणि बंब गेला. मग तेल खुणेवर आणायचं होतं. या वेळी कांडी चौघांनी मिळून, पांढऱ्या रुमालावर पुसून, डॉक्टरांच्या डोक्यावरच्या दिव्यात पाहिली.

गाडी पुन्हा सुरू केली, तेव्हा बायकोचा पाय आधीपासून ब्रेकवर होता. थोडा धूर आला आणि आवाज शांत झाला. मी तिला बाजूला सरकायला सांगितलं, तर ती म्हणाली, "मागे बसा. मला आता बंद करता येते."

मैदानावर पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई टेबल आवरत होत्या. "वेळ संपली," त्या म्हणाल्या. मी अग्निशमन दलाची प्रत पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली. "आग लागली नाही म्हणून तुम्हाला उशीर झाला?" मी म्हटलं, "हो मॅडम." त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. मग गाडीत पुढे बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी काच खाली करून नमस्कार केला. "तुम्ही का आलात, आजोबा?" बाबा म्हणाले, "मला एवढ्या एकाच गाडीत बसता येतं. रविवारी बहिणीकडे जायचं असतं."

बाईंनी टेबल पुन्हा मांडलं. गाडीखाली एक कोरा कागद अंथरला आणि इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवायला सांगितलं. मी ताडपत्रीवर पाच दिवस काढले, पण त्या पंधरा मिनिटांएवढा थकलो नाही. अकराव्या मिनिटाला कागदावर टप्पकन एक थेंब पडला. बाई वाकल्या, त्यांनी थेंब बोटावर घेतला, वास घेतला आणि बोट रुमालाला पुसलं. "पाणी आहे. एसीचं." मी म्हटलं, "पाण्याबद्दल माझी खात्री आहे मॅडम, मी त्याच खात्यात आहे." त्यांनी शिक्का मारला. पाच वर्षं.

रविवारी दहा वाजता आम्ही निघालो. आत्याच्या दारात तिच्या सुनेनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की आत्यानं गेल्या रविवारपासून गोळ्या घेतलेल्या नाहीत. कशाला, एवढंच म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. आत गेलो तर आत्या तशीच पडलेली होती. स्टुलावर गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून गाडीचा कागद काढून तिच्या हातात दिला.

आत्यानं तो डोळ्यांशी नेऊन वाचला. गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, रंग, सगळं वाचलं. मग बोट एका जागी थांबलं.

"पाच वर्षं?"

"पाच," बाबा ओरडून म्हणाले.

"एकदम?"

"एकदम."

"मला माझ्या डॉक्टरनं महिन्यापुढचं कधी सांगितलं नाही." तिनं कागद छातीवर ठेवला. "आणि तू दर रविवारी येणार?"

"मग कागद कशाला आणलाय?" बाबा म्हणाले.

पाईप कसे बदलले ही हकीकत सुरुवातीपासून सांगायची मी घरून तयारी करून आलो होतो. पण माझ्याकडे कुणी पाहतच नव्हतं. आत्यानं कागदाची नीट घडी घातली आणि उशीखाली ठेवली. तो मूळ कागद होता, तो गाडीतच ठेवायचा असतो, असा नियम आहे. मग तिनं दाराशी उभ्या असलेल्या वहिनींकडे हात केला.

"त्या गोळ्या दे गं इकडे," ती म्हणाली. "आणि पाणी जरा कोमट आण."